पहिलं बरं की दुसरं

चष्मेकाकांना सगळे चष्मेकाका म्हणत ते त्यांच्या दुकानामुळे. काकूंना मात्र नुसतं काकू म्हणत. गल्लीतल्या निम्म्या पँटी त्यांनीच आखूड केलेल्या होत्या आणि अशा बाईला टोपणनाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. खाली चष्म्यांचं दुकान, वर घर, आणि घराच्या बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन. लग्नानंतर ते तिथे ठेवलं गेलं ते तिथेच राहिलं. काळ्या कापडावर काळा दोरा चालवायचा तर दिवसाचा उजेड लागतो, आणि तो त्या एकाच खिडकीतून नीट येई. शिवाय खालून जाणाऱ्याला वरूनच विचारता येई, की बाबा, चेन बदलायला टाकलेलं जाकीट नेणार आहेस की मी घालू. काकूंचा सगळा धंदा आणि बरीचशी करमणूक त्या खिडकीवर चाले.

काका स्वभावाने वाईट नव्हते, फक्त आपल्याला कुणी फसवू शकत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलायच्या आणि "पहिलं बरं की दुसरं?" विचारायचं, यात त्यांची हयात गेली होती. त्यात त्यांची एक खोडी होती. मधूनच ते काच काढल्यासारखं करत आणि तीच काच परत घालत. गिऱ्हाईक छातीठोकपणे सांगे, "दुसरं बरं. एकदम लख्ख." काका गंभीरपणे मान हलवत आणि जेवताना तो किस्सा काकूंना सांगून हसत. माणसाला फरक हवा असला की फरक दिसतो, असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं. काकूंनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की काका हसायला लागले की त्या भाजी वाढायच्या.

तर अशा या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर होम थिएटरचं वेड लागलं. लावलं ते चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या एका दुकानदाराने. तो असली यंत्रं विकत असे. त्याने चष्मा नेला आणि बदल्यात काकांच्या डोक्यात किडा सोडून गेला. टीव्ही घरात होताच. स्पीकर काकांनी हौसेने आणून भिंतींवर ठोकले, एक तर थेट काकूंच्या डोक्यावर. राहिलं ते त्या स्पीकरांना आवाज पुरवणारं यंत्र, आणि तिथेच गाडी अडली.

कारण त्यात दोन पंथ होते. एक रिसीव्हरवाल्यांचा. रिसीव्हर म्हणजे एकच डबा. सिनेमातला आवाज घ्यायचा, कुठल्या स्पीकरला काय द्यायचं ते ठरवायचं आणि त्या आवाजात जोर भरून तो पाठवायचा, सगळं तोच करतो. दुसरा पंथ वेगवेगळ्या डब्यांचा. त्यात प्रीअँप नुसता ठरवतो आणि जोर भरायची हमाली शेजारचा दुसरा डबा करतो. दुकानदाराचं म्हणणं असं, की ज्याची त्याची कामं वेगळी केली की आवाजात जीव येतो. काकांनी हे काकूंना रंगवून सांगितलं. काकूंनी दोरा दातांनी तोडला.

"म्हणजे एकाने हुकूम सोडायचे आणि दुसऱ्याने ओझी उचलायची," त्या म्हणाल्या. "ते आपल्याकडे आहेच की."

काकूंना रिसीव्हरचं वावडं नव्हतं. तो टीव्हीखालच्या कपाटात मावला असता, फक्त तिथली जुनी मासिकं काढावी लागली असती. पण ते दोन डबे तापणारे, वजनदार, त्यांना मोकळा स्टँड हवा. काकांनी टेप घेऊन खोली मोजली. सगळ्या भिंतींवरून फिरून टेप शेवटी खिडकीपाशी, मशीनवर येऊन थांबली. मशीन मागच्या बोळात छान बसेल, तिथे मी तुला दणदणीत ट्यूबलाइट लावून देतो, असं ते म्हणाले. मागचा बोळ म्हणजे पाण्याची टाकी, मोडकी छत्री आणि समोर शेजाऱ्यांची भिंत. भांडून काकांना अडवता आलं असतं, पण मग पुढची दहा वर्षं प्रत्येक सिनेमाला उसासे ऐकावे लागले असते.

म्हणून काकूंनी वेगळीच टूम काढली. "तुम्ही गिऱ्हाइकांना करता तसंच तुमचंही होऊ दे. डबे झाकून ठेवायचे. आधी एक लावायचं, मग दुसरं. फरक ओळखून दाखवलात तर मशीन मी स्वतः ढकलत बोळात नेते. नाही जमलं तर एक डबा, आणि त्यावर पुन्हा एक शब्द नाही."

काकांना ही पैज म्हणजे स्वतःचा सत्कारच वाटला. त्यांनी लगेच होकार दिला.

काकू काही पैजेच्या भरवशावर राहणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी झिपा आणायला म्हणून त्या निघाल्या आणि दुकानदाराकडे पोचल्या. दोन्ही वेळा एकच डबा लावा, असं त्यांनी आडून आडून सुचवलं, आणि मग तो आडून समजेना म्हणून सरळ सांगितलं. दुकानदाराने हात जोडले. असली फसवणूक आपल्या दुकानात होत नाही, म्हणाला. दोन डबे खपले तर त्याचाच फायदा होता, त्यामुळे त्याचा प्रामाणिकपणा अगदी ठाम होता. काकू हात हलवत परत आल्या. झिपा आणायच्या राहिल्याच.

ठरलेल्या दिवशी दोघं त्या दुकानदाराकडे, मागच्या खोलीत जाऊन बसले. सोफा, जाड गालिचा, समोर पडदा. डब्यांवर चादर टाकलेली. दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला आहे, असं दुकानदाराने सांगितलं आणि एक छोटा प्रसंग लावला. कुणीतरी रिकाम्या घरात लाकडी जिना चढतं आणि त्याच्या हातून किल्ल्या पडतात, एवढंच. काका डोळे मिटून बसले. प्रसंग संपला. दुकानदाराने चादरीमागे जाऊन वायरी बदलल्या आणि तोच प्रसंग पुन्हा लावला.

काकू तिथे नुसत्या सोबतीला बसल्या होत्या, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. पण बॉबिनमधला दोरा संपत आलाय हे ज्या बाईला नुसत्या आवाजावरून कळतं, तिच्या कानांना झाकण कसं घालणार? दुसऱ्या वेळी जिन्याची एकेक पायरी वेगळी वाजली. किल्ल्या पडल्या त्या मागे डावीकडे, इतक्या जवळ की काकूंनी जवळजवळ वळूनच पाहिलं. दुसरं बरं होतं. चांगलंच बरं होतं. त्यांनी शेजारी पाहिलं तर काकांच्याही भुवया वर चढल्या होत्या आणि तोंड उघडायच्या बेतात होतं.

बोळातली ती टाकी काकूंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. मग त्यांनी एक केलं. हलकेच खाकरल्या, दुकानदाराकडे पाहून एवढंसं हसल्या, आणि काकांची नजर आपल्याकडे वळताच घाईघाईने गालिचाकडे बघायला लागल्या. ठरवून चोरी करणारासुद्धा इतका चोरटा दिसला नसता.

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा दुकानदाराकडे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. ज्याने तीच काच परत घालण्यात आयुष्य काढलं, त्याला चादरीखाली दुसरं काय दिसणार?

"पुन्हा लावा," ते म्हणाले. दुकानदाराने दोन्ही पुन्हा लावले. काकू गालिचाच पाहत राहिल्या.

"आता ऐका," काका सोफ्यात मागे रेलून म्हणाले. "मला फरक वाटला. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या वेळी छानच वाटलं. पण माझी गिऱ्हाइकं रोज असंच म्हणतात आणि रोज फसतात. तुम्ही दोन्ही वेळा एकच डबा लावलात. हिने तुम्हाला शिकवलं, आणि हिला शिकवलं मी."

दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने चादर ओढली. दोन जोडलेले डबे दिव्यांसकट चालू होते, आणि रिसीव्हर शेजारी बंद होता. पहिल्या वेळी हा होता, दुसऱ्या वेळी हे, असं त्याने शपथेवर सांगितलं. काकूंनी मला शिकवलं होतं, पण मी ऐकलं नाही, हेही त्या भल्या माणसाने सांगून टाकलं.

हिने शिकवलं हे तरी बरोबर ओळखलं, असं काका पुटपुटले. पण शब्दाला जागायची त्यांची खोड चांगली होती. दोन्ही एकच असं आपण म्हणालो, म्हणजे आपल्याला ओळखता आलं नाही, असा त्यांनी न्याय केला आणि रिसीव्हर बांधायला सांगितला. घरी जाताना तो त्यांनी स्वतःच कडेवर घेतला.

काकूंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. तो साधारण कोपऱ्यापर्यंत टिकला. पुढे त्यांना नवऱ्याची कीव यायला लागली. त्याने खरं तेच ऐकलं होतं आणि त्याच्याच हुशारीने, म्हणजे खरं तर काकूंच्या एका खोकल्याने, त्याला ते नाकारायला लावलं होतं. घरी जाईपर्यंत त्या दोनदा खरं सांगायला निघाल्या, आणि दोन्ही वेळा खिडकी आठवून गप्प बसल्या.

रविवारी दुपारी काकांनी पहिला सिनेमा लावला. काकू खिडकीत एका कोटाचं अस्तर लावत होत्या, मशीन चालू होतं. थोड्या वेळाने काकांनी मान वळवली.

"आवाजात काहीतरी कमी वाटतंय का गं?"

काकूंना अगदी भरून आलं. खरं तोंडाशी आलं, आणि तोंडाशीच राहिलं. त्यांनी पेडलवरचा पाय काढला, सुई वर घेतली आणि मशीन बंद केलं. कोट संध्याकाळी द्यायचा होता. तरी तो मांडीवर घेऊन त्या हाताने टाके घालायला बसल्या.

खोली शांत झाली. काकांनी कान टवकारले, मग मांडीवर थाप मारली.

"बघ, आता कसा मोकळा यायला लागला. नव्या यंत्राला जरा वेळ द्यावा लागतो, तो दुकानदार म्हणालाच होता."

"हो ना," काकू म्हणाल्या, आणि सिनेमा संपेपर्यंत त्यांनी मशीनला हात लावला नाही.