एकवीस खोक्यांचा मालक

माझी आत्या कशालाच घाबरत नाही, असा आमच्या घरात समज होता, आणि तो तिनंच पसरवला होता. एकतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढले. फिल्म धुवायच्या काळोख्या खोलीत ती एकटी तासन्‌तास उभी असायची. "अंधाराला काय घाबरायचं? माझा पगार त्यातूनच येतो," असं म्हणायची. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत तिनं जुन्या कॉमिक्सची खरेदी-विक्री सुरू केली, तेव्हा माझे बाबा म्हणाले, "ताईला उतारवयात चळ लागलाय."

चळ जुनाच होता. लहानपणी आजोबांनी कॉमिक्सला घरात बंदी घातली होती, म्हणून ती रद्दीच्या दुकानात उभ्याउभ्या वाचायची, दुकानदार हाकलून देईपर्यंत. "उभ्यानं वाचलेलं सगळं आता मला बसून वाचायचंय," असं तिनं बाबांना उत्तर दिलं होतं.

पण वाचण्यावर ती थांबली नाही. ऑनलाइन लिलावात जुने अंक घ्यायचे, नीट तपासायचे आणि फोटो काढून पुन्हा लिलावाला लावायचे, असा तिचा धंदा. दवाखान्यात सगळं संगणकावर गेलं तेव्हा एक्स-रे बघायची प्रकाशपेटी भंगारात निघाली होती. ती तिनं घरी आणली होती. त्या पेटीवर अंक धरला की कुणी चिकटवलेली फाट, मागाहून रंगवलेली घडी, बदललेली पिन लगेच कळायची. "कणा सरळ आहे, पण इथं जुनं फ्रॅक्चर बसवलंय," असं म्हणून ती दहापैकी साडेसहा गुण द्यायची. तिच्या गुणांवर लोक डोळे झाकून विश्वास ठेवायचे.

मग तो लिलाव आला. 'मयत संग्राहकाचा संपूर्ण संग्रह. एकवीस खोकी, साडेचार हजार अंक. सुटे विकणार नाही.' विकणारा त्या संग्राहकाचा पुतण्या होता. आत्यानं साठवलेल्या पैशातला निम्म्याहून जास्त भाग त्यात घातला. शेवटच्या मिनिटाला समोरच्याची बोली थांबली आणि संग्रह तिला सुटला. मला फोनवर म्हणाली, "अगं, हात कापतायत माझे. हत्ती घेतला आणि आता बांधू कुठं?"

खोकी आली. प्रत्येक झाकणाच्या आत एक कार्ड होतं, त्यावर आतल्या अंकांची यादी, छापल्यासारख्या अक्षरात. एकही खाडाखोड नाही.

"केवढा जीव लावलाय कुणीतरी," मी म्हटलं.

"जीव गेला त्याचा. आता आपण लावायचा," आत्या म्हणाली.

पहिले तीस अंक दोन आठवड्यांत विकले गेले. आणि एका सोमवारी, सकाळी अकराला, चहा पिताना तिच्या फोनवर लिलावाच्या साइटवरून निरोप आला. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसते आकडे होते. 'नवव्या खोक्यातला लोहपंखीचा चाळिसावा अंक विकू नका.'

नववं खोकं तिनं अजून उघडलंही नव्हतं. चहा तसाच ठेवून ती उठली, चिकटपट्टी कापली. लोहपंखी, पोलादी पंखांचा तो जुना नायक, खोक्याच्या मधोमध होता. अंक चाळिसावा.

'आपण कोण?' तिनं लिहिलं. दोन दिवस काही नाही. मग आलं, 'पांढरे हातमोजे घालून पानं उलटू नका. बोटांना कागद कळत नाही, कोपरे दुमडतात.'

निरोप वाचताना तिच्या हातात हातमोजे होते. अंगावर पाल पडावी तसे तिनं ते झटकून टाकले. आणि दुसऱ्या दिवशी तिसरा निरोप. 'दुपारी खिडकीतून ऊन खोक्यांवर येतं. पडदा लावा.'

तिनं मला ऑफिसात फोन केला. "चार दिवस राहायला येतेस का?" एवढंच म्हणाली. आख्ख्या जन्मात तिनं मला असं विचारलेलं आठवत नव्हतं. संध्याकाळी मी गेले, तर दार उघडायला तिला वेळ लागला, कारण आतून खुर्ची लावली होती. खिडकीवर चादर खिळ्यांनी ठोकलेली. ती जेवलीही उभ्यानंच, दाराकडे तोंड करून.

"आपण पोलिसांत जाऊ," मी म्हटलं.

"आणि काय सांगू? मेलेला माणूस मला पडदा लावायला सांगतोय?"

आम्ही दोघी हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिनं विक्रीला टाकलेले सगळे फोटो मोठे करून बघितले. प्लास्टिकच्या पाकिटांवर सगळं उमटलेलं होतं. खिडकी, उन्हाचा पट्टा, त्यात उभी खोकी. दोन फोटोंत तर तिचा हातमोजा घातलेला हात स्पष्ट होता. मला हायसं वाटलं. "आत्या, भूतबीत काही नाही. फोटोतूनच बघितलंय त्यानं."

तिचा चेहरा मात्र आणखी उतरला. "भूत असतं तर बरं होतं गं. हा जिवंत आहे, आणि माझी खोली भिंग लावून बघतोय. आणि नवव्या खोक्यात काय आहे ते त्याला कुठल्या फोटोतून कळलं?"

त्याच दुपारी चौथा निरोप आला. 'गुरुवारी चार वाजता येतो. एकट्या असलात तर बरं.'

"पण त्याला पत्ता कुठला माहीत?" मी विचारलं. आत्यानं रवाना केलेल्या पार्सलांची वही पुढे केली. प्रत्येक पार्सलावर पाठवणारीचा पत्ता असतोच. तीस गिऱ्हाइकांपैकी एकानं सगळ्यांत स्वस्त, फाटका अंक घेतला होता आणि ठिकाण दिलं होतं पोस्टाचं. "मीच दिलाय पत्ता," ती म्हणाली, "ठळक अक्षरांत."

तिनं पुतण्याला लिहून विचारलं, की तुमच्या काकांचा संग्रह आणखी कुणाला माहीत होता का. एरवी उत्तराला दोन दिवस लावणाऱ्या त्या माणसाचा पाच मिनिटांत फोन आला. मी स्पीकरवर ऐकत होते. आवाज अगदी साखरेत घोळलेला. "काकांचं माझ्याशिवाय कुणी नव्हतं हो. का? कुणी भेटायला आलं का? काही बोललं का? कुणी आलं तर आधी मला कळवा हं, तुम्ही एक अक्षर बोलू नका."

"नाही, कुणी नाही. सहज विचारलं," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

"खोटं का बोललीस?"

"माहीत नाही. एक्स-रे काढताना लोक श्वास रोखतात ना, तसा बोलत होता तो. फक्त हा, काहीतरी दिसू नये म्हणून."

गुरुवारी मी रजा घेतली. दुपारपासून आम्ही दोघी एकाच खोलीत बसून होतो. जिन्यात पाऊल वाजलं की जीव खालीवर व्हायचा. पावणेचारला लिफ्ट वर आली, आमच्याच मजल्यावर थांबली. मग फरशीवर काहीतरी टेकल्याचा आवाज, थोडं थांबणं, पुन्हा तोच आवाज. घंटा वाजली. आत्यानं साखळी न काढता दार बोटभर उघडलं.

बाहेर वॉकर धरून एक म्हातारा उभा होता. पायात दवाखान्यातल्या सपाता, मनगटावर प्लास्टिकची पट्टी. त्याला धाप लागली होती. माझ्याकडे नजर जाताच तो एक पाऊल मागे सरला.

"तुम्ही एकट्या नाही आहात," तो म्हणाला. "ही कोण? त्याच्या माणसांपैकी तर नाही ना?"

"कुणाच्या?"

"माझ्या पुतण्याच्या." त्यानं वॉकर घट्ट धरला. "बाई, मी मेलेलो नाही."

तो आमच्याहून जास्त घाबरलेला होता. आत्यानं साखळी काढली, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. आयुष्यभर एकटा, आणि बावन्न वर्षं कॉमिक्स जमवलेली. पाच महिन्यांपूर्वी घरात पडला, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून शुश्रूषा केंद्रात होता. घराची किल्ली पुतण्याकडे, फोनही त्याच्याकडे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या टॅबवर सहज लिलाव बघत बसला असताना त्याला स्वतःचाच अंक दिसला, कुणाच्या तरी हातमोज्यात धरलेला. त्याच शेजाऱ्याकरवी त्यानं सगळ्यांत स्वस्त अंक मागवून पार्सलावरचा पत्ता मिळवला होता, आणि आज केंद्रात कुणालाही न सांगता निघून आला होता.

"मग सरळ का नाही सांगितलंत?" आत्या जवळजवळ ओरडलीच. "आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही!"

"तुम्ही त्याला सामील असतात तर? मला कळलंय हे त्याला कळलं असतं. मागच्या महिन्यात त्यानं कुलमुखत्यारपत्र आणलं होतं, घर विकायला. मी सही केली नाही. तेव्हापासून तो स्वतः एका डबीतून गोळ्या आणून द्यायला लागला, 'डॉक्टरांनी नवीन दिल्यात' म्हणून. त्या घेतल्या की मी दुसऱ्या दिवसापर्यंत झोपायचो. आता घेत नाही. बेसिनमध्ये टाकतो. त्याच्यासमोर झोपल्याचं सोंग करतो." त्यानं दाराकडे नजर टाकली. "आधी पुस्तकांच्या बाबतीत मला मारलं. मग घर. पुढं काय, ते मला रोज दुपारी सोंग घेऊन पडलेलो असताना सुचतं."

आत्या उठली आणि लोहपंखीचा चाळिसावा अंक घेऊन आली. "याच्यात काय आहे?"

"मी विकत घेतलेला पहिला अंक. बावीस वर्षांचा होतो. हौसेनं मधल्या घडीत नाव-पत्ता लिहून ठेवला. पुढं कळलं, नाव लिहिलं की किंमत पडते. पुन्हा कधी कशावर लिहिलं नाही. संग्रह माझा आहे हे सांगणारं तेवढं एकच पान आहे."

आत्यानं प्रकाशपेटी लावली, अंक उघडून धरला. पिनेच्या बाजूला, घडीत दडलेली बारीक पेन्सिलीची ओळ उजेडात वर आली. कार्डांवरचंच अक्षर.

आत्यानं अंक हळूच मिटून पाकिटात सरकवला. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. तिच्या घरात चोरीचा माल होता, तीस अंक तर तिनं स्वतः विकले होते, आणि पैसे गेल्यातच जमा. तिनं त्या माणसाला बाहेर काढून दार लावलं असतं, तर तिला दोष द्यायला मला तोंड नसतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुतण्या. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, मी खालीच उभा आहे. या बाजूला काम होतं. वर येऊ का? काका... म्हणजे, काकांच्या वस्तूंबद्दल बोलायचं होतं."

म्हातारा उठायला धडपडला, वॉकर खुर्चीच्या पायात अडकला. मी त्याला धरलं.

आत्याचा आवाज आला तेव्हा तो मला ओळखूच आला नाही. दवाखान्यात ज्या आवाजात रांगेला दरडावायची, तो आवाज. "या की वर. बरं झालं आलात. पोलीसही निघालेत, पाच मिनिटांत पोचतील. संग्रह विकल्याच्या पावतीवरच्या तुमच्या सहीबद्दल त्यांना काही विचारायचंय."

पलीकडून फोन कट. मी चादरीच्या फटीतून खाली बघितलं. करड्या शर्टातल्या एका माणसानं मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तो झपझप कोपऱ्यावरून वळून गेला. आत्यानं दाराला साखळी लावली, तिच्यावर कडी लावली आणि मग कुठं खरोखर पोलिसांना फोन केला. नंबर दाबताना दोनदा चुकली.

पुढचं बरंच लांबलं. पोलिसांनी खोकी सीलबंद करून नऊ महिने तिच्याच खोलीत ठेवली. ती खोक्यांतून वाट काढत झोपायला जायची. तिनं बाकीच्या एकोणतीस गिऱ्हाइकांना कळवलं. अकरा जणांनी अंक परत पाठवले, एकानं शिव्या पाठवल्या. डबीतल्या गोळ्या झोपेच्याच निघाल्या. कोर्टात आत्यानं साक्ष दिली, तेव्हा पिंजऱ्याचा कठडा तिनं इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. पण बोलताना अडखळली नाही. बाहेर पडताना, पुतण्या तिच्या अगदी जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "तिसरा मजला, डावीकडचं दार. आहे लक्षात."

त्याला शिक्षा झाली, घर म्हाताऱ्याकडे राहिलं. त्यानं कुलपं बदलली, खोकी परत नेली, आणि महिन्याभरानं आत्याला बोलावून घेतलं. त्याच्यानंतर पुन्हा कुणाच्या हाती लागायला नकोत, म्हणून सगळा संग्रह जिवंतपणीच विकायचा होता, आणि तो तिच्याच हातून. आलेल्या पैशातून तिचे पैसे आधी फेडायचे, हे त्यानं कागदावर लिहून सही करून दिलं. आता दर रविवारी ती तिकडे असते. गुणांवरून दोघांची कडाक्याची भांडणं होतात. तिनं सहा म्हटलं की तो सात म्हणतो, आणि मग दोघंही तासभर बोलत नाहीत.

संध्याकाळी मी तिला आणायला जाते. पुतण्याची शिक्षा संपायला अजून वर्ष आहे, हे तिला ठाऊक आहे. तरी तिच्या इमारतीत शिरलो की ती माझा दंड धरते. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबून दार पूर्ण उघडेपर्यंत, आणि बाहेरची मोकळी फरशी दिसेपर्यंत, ती तो सोडत नाही.