बुटकं झालेलं टेबल

पुलांचे खांब तपासण्यात तिची अर्धी हयात गेली, म्हणून घरात सगळे तिला पूलवालीच म्हणत. मुलांना इंजिनिअर म्हणजे काय ते दाखवा, असं शाळेनं बोलावणं धाडलं आणि पाठोपाठ दादाचा फोन आला.

"तुझी भाचीही आहे त्या मुलांत. जरा पारखून सांग. सोमवारी विषय निवडायचेत. तू हो म्हणालीस तर इंजिनिअरिंग, नाही तर तो विषयच बंद."

"दादा, पोरगी आहे. कलिंगड नाही, टिचकी मारून सांगायला!"

"पुलांचं सांगतेस की!"

ठरल्या दिवशी ती शाळेत हजर झाली.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातलं लाकडी टेबल डुगडुगत होतं. तिनं तेच पुढ्यात घेतलं, शेजारी करवत ठेवली, एक कोपरा दाबला आणि ठसक्यात म्हणाली, "हा पाय आखूड. करा सरळ!"

भाचीनं करवत उचलली ती खाली ठेवीचना. आधी एक पाय कापला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. केसांत भुसा, कपाळावर घाम. टेबल डुगडुगतंच.

"आत्या, अजून थोडंसंच!"

"अगं, टेबल आहे ते, पेन्सिल नाही!"

भाचीची मैत्रीण मघापासून भिंतीला टेकून जांभया देत होती. ती उठली, शेजारचं तसलंच टेबल ओढून त्याच जागी आणलं. तेही डुगडुगलं. तिनं ते जरासं फिरवलं. टेबल गप्प उभं राहिलं.

"पाय बरोबर होते, मॅडम. फरशी खाली-वर आहे."

पूलवालीचं तोंड उघडंच राहिलं. पाय तर तिनंच दाखवला होता.

"तू... तू इंजिनिअर हो गं!"

"छे! मला कंटाळा येतो असल्याचा. मी नाच शिकवणार आहे." आणि दप्तर उचलून ती गेलीसुद्धा.

हळूहळू वर्ग पांगला. पूलवाली दोन टेबलांकडे आळीपाळीनं बघत राहिली. जिला कळलं तिला नको, जिला हवं तिनं टेबलाचं स्टूल केलं. आणि सांगणारी कोण? जिनं फरशी न बघता पायालाच दोष दिला! डोक्यात नुसता गोंधळ.

फोन वाजला. "काय गं, आहे का तिच्यात काही?"

"दादा, मला... खरंच कळत नाहीये."

"म्हणजे हो की नाही?"

कोपऱ्यात भाची पोटावर आडवी झाली होती. फरशीवर गोटी ठेवायची, ती कुठं घरंगळते बघायची, तिथं खडूनं खूण करायची. बुटक्या टेबलाकडे तिनं मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

"आत्या, खड्डा नक्की कुठून सुरू होतो ते मोजायचंय. हे टोक धर ना!"

"हॅलो? हॅलो! हो म्हणू की नाही?"

"थांब रे दादा," पूलवाली गुडघ्यांवर बसत म्हणाली, "हात मोकळा नाहीये." आणि फोन बुटक्या टेबलावर ठेवून तिनं टेपचं टोक धरलं.