बरणीत न मावलेला बाप

सगळे तिला मातीमावशी म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागे नुसतीच माती. वस्तीबाहेरच्या लांबट शेडमध्ये ती कामाला होती. तिथे मेलेल्या माणसाला जाळत नसत, पुरतही नसत. लाकडाच्या ढलप्या, भुसकट आणि हिरवं गवत यांच्या थरांत, लोखंडी पेटीत निजवत. आत आपोआप ऊब धरायची, मावशी अधूनमधून पेटी फिरवायची, आणि काही महिन्यांनी माणसाची काळीभोर माती व्हायची. ना धूर, ना जागेची अडवणूक.

शेजारणी तिच्या हातचा चहा घेत नसत. "नका घेऊ," मावशी म्हणायची, "शेवटी पडायचंय माझ्याच हातात."

नवरा टेंपो चालवायचा. गडी थट्टेखोर. "मला तुझ्याच पेटीत टाक गं," म्हणायचा, "जन्मभर उलथंपालथं केलंस, मेल्यावर बरी सोडशील!" मुलानं नवं घर घेतलं, तेव्हा दारापुढच्या मोकळ्या तुकड्यात नवऱ्यानं स्वतः कमरेइतका खड्डा खणला. मुलाला म्हणाला, "झाड लावायची घाई करू नकोस. आधी मला ओत, मग झाड." मुलगा हसत म्हणाला होता, "बरं, बाबा."

नवरा गेला. मावशीनं त्याला स्वतः निजवलं, डोक्याखाली भुसकट जरा जास्तच घातलं. पेटी फिरवताना पुटपुटायची, "झालं हं, झालं."

माती न्यायला येणाऱ्या लोकांवर तिचा जुना राग. माणसाची माती निघते टेंपोभर. पोरं येत पिशवी घेऊन, चार मुठी भरत आणि निघून जात. उरलेला ढीग मागच्या पडक्या खाणीच्या उतारावर जायचा. "पोटचे गोळे म्हणे! पिशवीभर बाप पुरतो यांना," मावशी मुकादमाला म्हणायची. "माझा पोरगा बघा. बापाचाच टेंपो घेऊन येईल."

मुलगा आला गाडीतून. टेंपो विकूनच घेतली होती ती. शेजारी सून, तिच्या मांडीवर झाकणाची चिनी मातीची बरणी.

ढीग बघून मुलगा थबकला. "बाबा एवढे?"

"मग? बाप काय चिमूटभर होता तुझा?"

"तसं नाही गं आई. मला वाटलं, राखेसारखं असेल. ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय मी, बाबांनी निसर्गाचा विचार केला म्हणून. साहेब तर खूश झाले."

"टेंपो भाड्यानं आण. खड्डा आहेच तिकडं."

मुलानं सुनेकडे पाहिलं. सुनेनं बरणीकडे.

"खड्डा बुजवला, आई," सूनच बोलली. "फरशी घातली वर. गाडी उभी करायला जागा नको का? ही बरणी मात्र हॉलमध्ये ठेवणार आहोत हं. छान दिसेल."

मावशीनं बरणी घेतली, चाळणीतली मऊसूत माती निवडून काठोकाठ भरली, पदरानं कड पुसून सुनेच्या हातात दिली. मग ढकलगाडी ओढली आणि उरलेल्या नवऱ्यात फावडं घातलं. खाणीच्या उतारावर परक्यांचे बाप पसरले होते, त्यांच्यातच हाही जायचा.

मुलाला राहवलं नाही. "आई, तुझ्या वेळी मी नक्की मोठी गाडी आणीन."

"नको रे बाळा," फावडं न थांबवता ती म्हणाली. "मला जाळा. बरणीत मावेन."