गाडी नाही म्हणाली

आधी स्टीअरिंगखाली खिळ्याला अडकवलेल्या फडक्याला हात पुसायचा. मग किल्ली अर्धी फिरवायची. मग डावा पंजा वर करून मागे बसलेल्या बायांना सांगायचं, "गप ऱ्हावा. तिला बोलू द्या."

सगळ्या बाया गप्प. मागच्या सीटखालून, टाकीतून, बारीक 'हूंऽऽ' असा आवाज यायचा. तो पेट्रोलचा पंप. तो बोलला की उरलेली किल्ली फिरवायची आणि व्हॅन सुरू. हात पुसण्याचा प्रकार मला स्वच्छतेचा वाटायचा. पुढे कळलं की तसं काही नव्हतं.

कळंबला माझी भाजी निवडून क्रेटमध्ये भरायची शेड आहे. आसपासच्या वाड्यांवरून बाया कामाला येतात. त्यांना सकाळी आणायचं आणि संध्याकाळी घरी पोचवायचं, हे काम व्हॅनवाल्या अक्काचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक मंचरला दिलेली. जुनी व्हॅन तिने स्वतःच्या कमाईतून घेतली होती आणि कागद तिच्याच नावावर होते. पन्नाशीच्या आसपास गाडी शिकलेली ही बाई पदर कमरेला खोचून नाशिक रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांना हॉर्न मारमारून डावीकडे घ्यायला लावायची. बाया तिला मावशी म्हणत, मी अक्का म्हणायची.

एवढी धीट बाई, पण घरात एक दीर होता.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. "घरचीच गाडी हाय," एवढं म्हणून तो खुंटीवरची किल्ली उचलायचा. विचारणं नाही, सांगणं नाही. बेल्ह्याच्या बाजाराला शेळ्या न्यायच्या, की हिच्या व्हॅनमध्ये भरल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या बाया त्याच सीटवर बसून यायच्या. साड्यांना लेंड्यांचा वास आणि पेट्रोलचा काटा तळाला. एकदा गाडी रस्त्यातच बंद पडली, बाया उन्हात चालत आल्या आणि भरायचे टोमॅटो शेडमध्ये तसेच पडून राहिले. गावातल्या जाणत्या माणसांकडे मी तिला नेलं. त्यांनी चहा पाजला आणि घरातलं घरात मिटवून घ्या म्हणाले. दिराला मात्र कोणी बोलावलंसुद्धा नाही.

माझं डोकं फिरलं होतं. परत येताना मी तिला म्हणाले, "अक्का, तोंडावर नाही म्हणा की त्याला. गाडी तुमची आहे."

ती म्हणाली, "बघू."

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो गाडी नेणार हे धरूनच मी माझा पिकअप घेऊन बाया आणायला गेले. पाहते तर व्हॅन अंगणात उभी, बाया कडेला ताटकळलेल्या. आत दोन शेळ्या बें-बें करतायत, पुढे दीर बसून किल्ली फिरवतोय. इंजिन नुसतं खर्र खर्र. पंपाचा आवाज नाही. त्याने फाट्यावरच्या मेकॅनिकला बोलावून घेतलं होतं.

मेकॅनिकने काही म्हणून सोडलं नाही. फ्यूज काढून उन्हाला धरून पाहिला. तो चांगला होता. पंपाचा रिले, म्हणजे करंट सोडणारी डबी, काढून त्याच्या जागी हॉर्नचा बसवला आणि पंपाचा हॉर्नला. हॉर्न वाजला, पंप गप्प. मग गाडीखाली शिरून टाकीला हातोडीच्या दांड्याने ठोकलं. अडकलेला पंप कधी कधी ठोकल्यावर फिरतो म्हणे. दिराने किल्ली फिरवली. काही नाही. शेवटी त्याने टेस्टरचा बल्ब पंपाच्या वायरला लावला. बल्ब पेटला नाही.

"पंपापर्यंत करंटच येत नाय भाऊ," मेकॅनिक गंभीरपणे म्हणाला. "वायरिंग कुठंतरी तुटलंय. समदा डॅशबोर्ड उतरवाया लागंल. दोन दिवस तरी जात्यात."

ती ओट्यावर घेवडा निवडत बसली होती. "काय झालं वो भाऊजी गाडीला?"

"डबडं घेतलंय वहिनी तुमी," असं म्हणून त्याने शेळ्या उतरवल्या आणि टेम्पो शोधायला गेला.

तो वळणाआड होईपर्यंत कोणी हललं नाही. मग मेकॅनिकने हत्यारं गोळा केली आणि म्हणाला, "मावशी, चा टाका." ती म्हणाली, "आल्यावर टाकते." गाडीत बसली, फडक्याला हात पुसला, किल्ली अर्धी फिरवली, पंजा वर केला.

हूंऽऽ.

फडक्याच्या खिळ्यामागे चोर स्विच होता. तो दाबल्याशिवाय पंपाला करंट मिळत नसे. जाणत्यांकडून परत आल्यावर तिला तो बसवून देणारा हाच मेकॅनिक. बायांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्यांच्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत टिकत नाही, त्यांनी एवढी गोष्ट टिकवली होती. माहीत नव्हतं ते दिराला आणि मला.

सगळ्या जणी खिदळल्या. मला हसू आलं नाही. चोर घरातला, आणि लपवाछपवी मालकिणीने करायची? मी तिला तसं बोलून दाखवलं.

"नाय म्हणलं की भांडण व्हतं ताई," ती म्हणाली. "गाडीच नाय म्हणली की व्हत नाय."

भांडण झालं नाही हे खरं. पण गाडी पुढेही त्याच्या हातून सुरू होईना, तेव्हा दीर गावभर सांगत सुटला की वहिनीने लहर लागली तर चालणारी भंगार गाडी घेतली, बाईमाणसाला गाडीतलं काय कळतं. पारावरची माणसं तिला हसायची आणि ती हसू द्यायची. रोज बाया वेळेवर माझ्या शेडवर यायच्या आणि रोज ही बाई गावाच्या लेखी अडाणी. याची चीड मला अजून जात नाही.

गेल्या वर्षी ती गेली. छातीत दुखतंय म्हणून मंचरच्या दवाखान्यात नेली होती, तिथून परत आली नाही.

दहाव्याला आम्ही सगळ्या तिच्या अंगणात होतो. मेकॅनिकही होता. चहा फिरत असताना दिराने खुंटीवरची किल्ली काढली. "घरचीच गाडी हाय. पडून कशाला ऱ्हाती," असं म्हणत व्हॅनमध्ये जाऊन बसला. खर्र खर्र. पुन्हा खर्र खर्र. त्याने मेकॅनिककडे पाहिलं, मेकॅनिकने कपातल्या चहाकडे. बाया जमिनीकडे बघत बसल्या.

लेक घरातून बाहेर आली. हात घालून किल्ली काढून घेतली.

"काका, गाडी बिघडली नाय," ती म्हणाली. "आईला ती तुमाला द्यायची नव्हती. तिनं तोंडानं कधी म्हणलं नाय. मी म्हणते. नाय."

एक जाणता माणूस मिटवून घ्या म्हणायला घसा खाकरत उठला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. दीर उतरला, चपला शोधल्या आणि गेला. नाही म्हटल्याने मेलं-बिलं कोणी नाही. एवढा एक शब्द होता, आणि तो ऐकायला ती नव्हती.

लेकीने त्याच आठवड्यात स्विच काढून वायर सरळ जोडून घेतली. आता मंचरहून येऊन तीच फेरी करते. आईसारखं काही करत नाही. सदा घाईत असते, बसते आणि किल्ली फिरवते. खिळ्याला फडकं अजून आहे, त्याला कोणी हात पुसत नाही.

संध्याकाळी शेडच्या दारातून मी बघते. बाया बडबडत गाडीत चढतात. कोणाची सून, कोणाची म्हैस, मोठमोठ्याने चाललेलं असतं. लेकीचा हात किल्लीला लागला की सगळ्या अर्ध्या वाक्यात थांबतात. पंजा कोणी वर केलेला नसतो. टाकीतून हूंऽऽ येतं, आणि म्हैस जिथे राहिली होती तिथून पुढे सुरू होते.