सापडलेल्या वस्तू

आबांच्या शेडमध्ये भंगार आणि किस्से सारख्याच वेगानं साठायचे. भंगाराचं आबा काहीतरी करायचे. किस्से मात्र तसेच पडून राहिले, म्हणून म्हटलं, आता आपणच धूळ झटकून चार बाहेर काढावेत.

मी लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. रिटायर झाल्यापासून संध्याकाळी तुंगार्लीला आबांकडे जाऊन बसणं हाच माझा उद्योग. आबा मूळचे इंदुरीचे. बादल्या, पराती, नळाचे पाइप, सायकलच्या चेनी यांची शिल्पं करण्यात त्यांचा जन्म गेला. वेल्डिंगला आणि टेम्पोला दत्तू. आणि घरात माई, आबांच्या पत्नी.

आबा स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तरी माई भांड्यांच्या मांडणीपाशी येऊन उभ्या राहतात! त्याला कारण आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत आबांनी आपलं पहिलं शिल्प केलं, कमरेवर कळशी घेतलेली बाई. बाई नळाच्या पाइपांची, पण कळशी खरी. माईंच्या रुखवतातली, पितळी, आईनं नाव घालून दिलेली. माई तेव्हा माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तोवर पाइपांची बाई कळशीसकट दिल्लीच्या एका शौकिनाकडे रवाना झाली होती.

माई एवढंच म्हणाल्या, "तुमचं परदर्शन मी कवाच बघायची न्हाई." आणि खरंच आजवर एकही पाहिलं नाही. आबांचा शर्ट इस्त्री करून देतील, डबा भरून देतील, पण सोबत फक्त दारापर्यंत.

यंदा पुण्याच्या एका संग्रहालयानं आबांच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरवलं. आबांचं वय बघता एवढं मोठं पुन्हा होणं अवघड. त्यांना मंत्री नको होता, पेपरात फोटो नको होता. "ही आली पायजे," एवढंच म्हणायचे. मला माईंचा हट्ट पटायचा आणि आबांचं वाईटही वाटायचं.

*

प्रदर्शनाची क्युरेटर ऋता नावाची मुलगी होती. हुशार, पण सारखी घाईत. एकदा फोनवर म्हणाली, "सर, तुमच्या सुरुवातीच्या काळातलं माध्यम काय लिहू?"

आबा म्हणाले, "मराठी."

"म्हणजे?"

"अवो, मराठी माध्यम! इंदुरीत तवा दुसरी शाळा व्हती कुटं?"

ऋतानं मग आबांना विचारणंच सोडलं आणि पाट्यांवर स्वतःच्या मनानं लिहायला घेतलं. ते पुढे भोवलं, पण ते नंतर सांगतो.

*

शिल्पं न्यायची म्हणून दत्तूनं टेम्पो भरला. वर ताडपत्री टाकली, दोऱ्या आवळल्या. मी पुढे त्याच्याशेजारी. हायवेला लागायच्या आधीच हवालदारानं हात केला.

"काय भरलंय?"

"शिल्पं हायेत साहेब," दत्तू म्हणाला.

हवालदारानं ताडपत्री वर केली. आत चेपलेल्या बादल्या, चेनी, पत्र्याचे डबे. त्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखून पाहिलं. "यात शिल्प कुठंय?"

दत्तू म्हणाला, "आमालाबी न्हाई दिसलं साहेब. पुण्यातली मानसं दावणार हायेत!"

हवालदार हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं. मी चित्रकलेचा मास्तर शेजारी बसलेला असून मला कोणी काही विचारलं नाही!

*

बाजारातल्या एका चिक्कीवाल्याच्या जुन्या कढया जोडून आबांनी एक कमान केली होती. दत्तूनं त्या धुतल्या होत्या म्हणे. त्याचं धुणं मला ठाऊक आहे. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी संग्रहालयाच्या गुळगुळीत एसी हॉलमध्ये मुंग्यांची रांग लागली. खिडकीतून आत, भिंतीवरून खाली आणि थेट कमानीवर.

ऋता रडायच्या बेतात आली. "सर, आता काय करायचं?"

आबांनी वाकून रांग पाहिली आणि खूश झाले. "बगा की! उद्घाटनाच्या आदीच पब्लिक आलं!"

*

उद्घाटनाला इंदुरीहून जीप भरून बायका आल्या. त्यांना कलेशी काही घेणंदेणं नव्हतं. एका भिंतीवर आबांनी जुन्या ताट-पराती लावल्या होत्या, सगळ्या इंदुरीच्या भंगारातून आणलेल्या, नावं घातलेल्या. बायका ओळीनं नावं वाचत सुटल्या. "ही पाटलांच्या थोरलीची!" "ही आमच्या आत्याची!" शहरातले पाहुणे लांब उभे राहून हळू बोलत होते, आणि इथं बारशाला जमल्यासारखा गलका.

एवढ्यात एक म्हातारी एका परातीपुढे थबकली. नाव पुन्हा वाचलं. मग वळून आबांवर कडाडली, "आबा! ही परात तुमच्याकडं व्हय? सासूनं मरेस्तवर माज्यावर आळ घेतला, म्हायेरी दिली म्हून!"

आबांनी हात जोडले. "मावशी, मी भंगारवाल्याकडनं आणली. देवाशपथ!"

म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. पर मोठ्यानं सांगा समद्यांना!"

आणि आबांनी पाहुण्यांसमोर, माइकवरून सांगितलं. सगळ्यात जोरात टाळ्या त्यालाच पडल्या.

माई मात्र त्या दिवशीही आल्या नाहीत. भाषण चालू असताना आबांची नजर सारखी दाराकडे जात होती.

*

त्या रात्री आबा घरी जेवायला बसले आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं पानाकडे बघतच म्हणाले, "दिल्लीवाल्यानं कळशी धाडलीया. परदर्शनापुरती."

माईंनी भाकरी वाढली. सकाळी दत्तू टेम्पो घेऊन आला तर माई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसायला तयार! आबा आणि मी मागे, ताडपत्रीवर.

संग्रहालयात माई इकडंतिकडं न बघता सरळ त्या पाइपांच्या बाईपाशी गेल्या. कळशीच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं तशीच होती: 'चि. सौ. कां. सुमन हिस आईकडून'. माईंनी पदरानं त्यावरची धूळ पुसली. गार्ड पुढे झाला, तसं ऋतानं त्याला खुणेनं थांबवलं.

मग माईंनी चष्मा लावून शेजारची पाटी वाचली. एकेक शब्द, मोठ्यानं. "साहित्य... लोखंडी पाइप... आनि... सापडलेल्या वस्तू."

चष्मा खाली घेऊन त्यांनी आबांकडं पाहिलं. "सापडलेल्या? हरवल्या कवा व्हत्या?"

आबांनी ऋताच्या हातातलं पेन घेतलं. ऋता म्हणाली, "सर, पाटी छापलेली आहे!" आबांनी 'सापडलेल्या'वर काट मारली आणि वर लिहिलं, 'उचललेल्या'.

माईंनी पुन्हा चष्मा लावला. "कुनाच्या, ते ऱ्हायलं."

आबांनी पुढे लिहिलं, 'सुमनच्या'.

"सौ.!" माई म्हणाल्या.

आबांनी 'सौ.' लिहिलं. माईंनी पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि पदर खांद्यावर नीट घेतला.

"चला," म्हणाल्या, "आता दावा. पयल्यापास्नं."