निथळू दे

आमच्या गल्लीत नळाच्या तोट्यांना पाणी देतात. प्यायचं नव्हे हो, निकेलचं. पितळेची तोटी तारेला टांगायची, गरम हिरव्या द्रावणात बुडवायची, वीज सोडायची, की चकचकीत होऊन वर येते. जगभरच्या मोऱ्या आमच्या जिवावर झळाळतात आणि आम्ही पितो टँकरचं पाणी! स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी अशी गोष्ट आहे, पण खरी आहे.

हा धंदा गल्लीत आणला माझ्या सासूबाईंनी. सासरे गेले तेव्हा पदरात तीन वर्षांचा मुलगा आणि हातात काहीच नाही. एका कारखान्यात मजुरी करता करता त्यांनी काम शिकून घेतलं आणि घराच्या पडवीत एक टाकी मांडली. त्याला आता पस्तीस वर्षं झाली. आज गल्लीत चौदा टाक्या आहेत, पत्र्याची घरं पक्की झाली, पोरी कॉलेजात गेल्या. सगळे त्यांना मावशी म्हणतात. तोंड इतकं फटकळ, की लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी स्वयंपाकघरात रडून काढलं. आता मीही तशीच झालेय म्हणा.

मग गल्लीच्या विहिरीच्या पाण्याला लोखंड चाटल्यासारखी चव यायला लागली. पोरांच्या हातांना खाज सुटली. पाणी तपासणाऱ्या बाई आल्या, बाटल्या भरून घेऊन गेल्या आणि विहिरीवर पाटी लागली, ‘पिऊ नये’. टाक्यांचं पाणी गटारातून विहिरीत मुरतंय म्हणाल्या. सोबत नोटीस. तीन महिन्यांत गटारातलं पाणी सुधारलं नाही, तर चौदाही टाक्या बंद.

सगळे टाकीवाले आमच्या अंगणात जमले. समोरच्या घरातला टाकीवाला, ज्याला आम्ही तुफान म्हणतो, तो म्हणाला, “सोप्पं आहे. बाई नमुना घ्यायला येतील त्या दिवशी टाक्या बंद ठेवू. गटारात दोन टँकर चांगलं पाणी सोडू. झालं काम!”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्यानेसुद्धा.

“आणि विहिरीला काय सांगशील? ती पण त्या दिवशी रजेवर?” सासूबाई कडाडल्या. “त्या गटारात पहिली बादली मी ओतली, कळलं? माहीत नव्हतं म्हणून ओतली. आता माहीत झालंय. आता नाही ओतायची.”

शेवटी त्यांचा आवाज फाटला. त्यांना तसं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कामाची पद्धतच बदलली. आम्ही तोट्या वर काढल्या की तशाच ठिबकत धुवायच्या पिंपात टाकायचो, आणि अंगावरचं निकेल सगळं गटारात. आता टाकीवरच धरून तीसपर्यंत मोजायचं, निथळू द्यायचं. मग ओळीने तीन पिंपांत धुवायचं. पहिल्या पिंपातलं पाणी परत टाकीत ओतायचं, कारण गरम द्रावण दिवसभर आटतच असतं.

पण मोजतंय कोण? जितके नग तितकी मजुरी असलेला माणूस “एक, दोन, पाच, तीस” असंच मोजणार.

“मोजू नका,” सासूबाई म्हणाल्या. “घरात पाणी पिणाऱ्या माणसांची नावं घ्या. एकेक करून, सावकाश.”

नवऱ्याने सुरुवात केली. “आई, बायको, थोरली, धाकटी... संपली.”

“मग शेजाऱ्यांची घे.”

“त्यांचं आपलं बोलणं नाही.”

“विहीर तर एकच आहे ना? घे!”

महिनाभर गल्ली हसली. आमचं काम मंदावलं, माल उशिरा गेला, व्यापारी फोनवरून खेकसला, नवरा माझ्यावर खेकसला. सासूबाई हटल्या नाहीत. मग तुफानच्या लक्षात आलं, की आमच्या टाकीला निकेल कमी लागतंय. तो गुपचूप येऊन पिंपांची मांडणी बघून गेला. पुढच्या महिन्यात सगळ्यांच्या पडव्यांत तीन-तीन पिंपं लागली.

नमुन्यासाठी सासूबाईंनी मुद्दाम सगळ्यात जास्त कामाचा दिवस निवडला. चौदाही टाक्या चालू असताना बाईंना गटारापाशी उभं केलं.

आठ दिवसांनी बाई कागद घेऊन आल्या. गटार पास! टाक्या चालू राहणार. तुफानने शिट्टी मारली, पोरं नाचली. माझा तर जीव भांड्यात पडला.

“आणि विहीर?” सासूबाईंनी विचारलं.

बाई जरा घुटमळल्या. “मावशी, जमिनीत मुरलेलं आहे ते. असंच काम करत राहिलात, तरी सात-आठ वर्षं लागतील.”

सासूबाईंचं वय अडुसष्ट. त्यांनी बाईंकडून नमुन्याच्या रिकाम्या बाटल्या मागून घेतल्या, दर महिन्याला भरून पाठवते म्हणाल्या आणि पडवीकडे निघाल्या.

“आठ वर्षं, आई!” नवरा मागून ओरडला.

“पस्तीस वर्षं ओतलं, तेव्हा मोजली होतीस का?” त्या वळल्यासुद्धा नाहीत. “चल, तोट्या लटकव. आणि हात हळू चालव.”