गुरुवारपुरती किल्ली

सदर इसम नामे बेलईद वल्द बिही, वय कागदोपत्री सदुसष्ट, आईच्या सांगण्यानुसार एकोणसत्तर, राहणार तिझगी, वरची आळी. हुद्दा: गावकीच्या सामाईक मोहोळभिंतीचा रखवालदार. नेमणूक: पंचांकडून, एकमताने, तहहयात. अधिकार: भिंतीच्या चाळीस पावलांच्या आत विनापरवानगी आलेल्या कोणाही माणसास, बकरीस अथवा सरकारी अधिकाऱ्यास हटकणे. कर्तव्ये: कोणाच्याही पोळ्यास हात न लावणे, कोणाचीही बाजू न घेणे, आणि मध काढण्याच्या दिवशी सर्व कुटुंबांकडे सारख्याच कोरड्या नजरेने पाहणे. सेवाकाल एकतीस वर्षे, सेवेवर डाग नाही. भिंतीत मातीचे तीनशे कप्पे आहेत. मधमाश्या त्यांतल्या नऊ कप्प्यांत आहेत.

इन्नायरच्या, म्हणजे जानेवारीतल्या गावच्या नव्या वर्षाच्या दिवशी, भर दुपारी हा निष्कलंक माणूस चुलीपुढे उकिडवा बसून पातेल्यातल्या पाण्याकडे संशयानं बघत होता. तागुल्ला करायची होती. जवाच्या भरड्याची ही घट्ट लापशी. ती परातीत ओतायची, मधोमध खळगा करायचा, त्यात लोणी, अर्गनच्या बियांचं तेल आणि मध सोडायचा, आणि सगळ्यांनी आपापल्या कडेनं खात खात मध्याकडे यायचं. लापशीत कुठंतरी खजुराची एकच बी दडवलेली असते. ती ज्याच्या दाताखाली येईल त्याच्या गळ्यात कोठीची किल्ली पडते, पुढच्या इन्नायरपर्यंत.

बायको, फदमा, दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या साली तागुल्ला लेकीनं, इज्जानं केली. यंदा इज्जा सकाळीच अगादीर शहरात गेली होती, कागदांवरचा शेवटचा शिक्का घ्यायला. गुरुवारी ती स्पेनला निघणार होती, स्ट्रॉबेरी खुडायला, ती थेट जूनपर्यंत. तिकडच्या मळेवाल्यांना लहान मुलं असलेल्याच बायका लागतात, कारण त्या परत घरी जातात. नियम करणारा माणूस हुशार असणार. मुलांना त्यानं विचारलेलं दिसत नाही. इज्जाच्या नवऱ्यानं कासाब्लांकात आधी किराणा दुकान थाटलं आणि मग दुसरा संसार, त्यामुळे त्यालाही विचारण्याचा प्रश्न नव्हता.

उरल्या दोन नाती. तिलिला आठ वर्षांची, तिला सगळं माहीत होतं. तूदा पाच वर्षांची, तिला उरलेलं माहीत होतं.

"आबा, पाण्याला आधी मीठ," तिलिला म्हणाली.

"माहीत आहे."

"मग घाला की."

बेलईदनं मीठ घातलं. मधातलं मात्र त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं कोठीतून दोन बरण्या आणल्या. "हा रानओव्याच्या फुलांचा. आणि हा निवडुंगाचा. यातला लापशीत कुठला घालायचा?"

तूदानं विचार करण्याऐवजी निवडुंगाच्या बरणीत बोट घातलं आणि चाटलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग तिचे डोळे मोठे झाले, कान लाल झाले आणि ती खोकत सुटली.

"तिखट आहे! आबा, मध तिखट आहे!"

"तो औषधाचा. घसा जाळत जातो. आता आयुष्यभर चुकणार नाहीस."

रानफुलांचा मध थंडीनं गोठून साखरेसारखा झाला होता. तिलिलानं बरणी सरळ चुलीकडे नेली. एकतीस वर्षांत बेलईद इतक्या चपळाईनं कुठल्या बकरीमागेही उठला नसेल.

"आगीवर नाही! मध आगीवर ठेवला की मेला. त्याला अंगाची ऊब लागते, फक्त तेवढीच. तूदा, बस इथं. मांडी घाल. ही बरणी मांडीत घे आणि वरून शाल."

"किती वेळ?"

"पातळ होईपर्यंत."

"हलायचं नाही?"

"हलायचं नाही."

तूदा बरणी पोटाशी धरून बसली. थोड्या वेळानं ती बरणीला थोपटू लागली. आणखी थोड्या वेळानं ती तिला दटावू लागली, "झोप आता, सारखं काय ग."

तोवर पाणी उकळलं होतं. बेलईद एका हातानं भरडा सोडत होता आणि दुसऱ्या हातानं लाकडी दांड्यानं घोटत होता, आणि दोन्ही हात एकमेकांशी बोलत नसल्यामुळे गुठळ्या होत होत्या. शेजारच्या भिंतीवरून रकियाचं डोकं वर आलं. रकियाला धुरावरून घरातलं सगळं कळे.

"बेलईददा, काय चाललंय? भिंत बांधताय?"

"तागुल्ला."

"असं होय! मला वाटलं, माश्यांना नवे कप्पे करताय. घोटा, घोटा, थांबू नका. फदमा दोन घटका घोटायची, हात बदलायची नाही."

"फदमाला दोन हात होते. मला तोंड चालवणारी शेजारीण आहे."

"मेल्यावर सुद्धा तिचीच बाजू घेता," रकिया खूष होऊन म्हणाली आणि खाली गेली.

मग बी घालायची वेळ आली. बेलईदनं ती धुऊन पुसून तळहातावर घेतली आणि नातींना नियम ऐकवला, "ही मी घालणार, डोळे मिटून घोटणार. कुठं गेली ते मलाही कळणार नाही. ज्याच्या नशिबात असेल त्याला."

तिलिला हसली. "आजी तर ढकलायची."

"काय ढकलायची?"

"बी. चमच्यानं. ओतताना तिला दिसायची, मग ज्याला द्यायची त्याच्या कडेला सरकवायची. मी बघितलंय. मला म्हणाली, आबांना सांगू नको, ते पंचांना बोलावतील."

बेलईद घोटायचा थांबला. अडतीस वर्षांच्या संसारात त्याला बी सात वेळा सापडली होती, आणि ते तो आपल्या सचोटीचं फळ समजत आला होता. आता तो एकेक साल आठवू लागला. एक खेप, भिंतीवरून पडून पाय मोडला त्या वर्षीची. एक, धाकटा भाऊ गेला त्या वर्षीची. एक, दुष्काळात दोनशे कप्पे एका उन्हाळ्यात रिकामे झाले आणि तो महिनाभर कुणाशी बोलला नाही, त्या वर्षीची. बाकीचीही तशीच निघाली. चांगल्या वर्षी त्याला बी कधी सापडलीच नव्हती. गावभर पहारा देणाऱ्याच्या खुद्द परातीत हे चाललं होतं.

"आबा, करपतंय," तिलिला म्हणाली.

तो पुन्हा घोटू लागला. तेव्हा तूदा बरणी न हलवता, ढुंगणावर सरकत सरकत त्याच्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "मग माझ्या कडेला ढकला."

"का ग?"

"मला किल्ली पाहिजे."

"कोठीतला मध खायला?"

"नाही हो." तिनं आजूबाजूला पाहिलं. "आईला आत ठेवायला. कुलूप लावून. लई दिवस नाही, फक्त गुरुवारी. गाडी गेली की मी लगेच उघडीन."

बेलईदनं दांडा आणखी जोरात फिरवला. बी मिळाली नाही तर पोर रडेल, डोळे पुसता येतील. पण मिळाली, आणि किल्ली गळ्यात असूनही आई गेली, तर? किल्लीनं आई थांबत नाही हे पाचव्या वर्षी कळायला हवं का? त्याच्या हुद्द्याच्या कागदात यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"मी ढकलत नसतो," तो म्हणाला. "कुणाचीच बाजू घेत नसतो मी."

"आजीची पण नाही?"

त्यानं बी लापशीत टाकली, डोळे मिटले आणि घोटत राहिला. तूदा परत सरकत जागेवर गेली. बरणी तिनं सोडली नाही. मध पातळ झाला होता.

इज्जा दिवेलागणीला आली, शिक्का घेऊन. परात मधे, सभोवती चौघं. बेलईदनं खळग्यात लोणी टाकलं, तेल ओतलं, आणि तूदानं दोन्ही हातांनी बरणी धरून मध सोडला, थोडा परातीत, थोडा स्वतःच्या बाहीत.

"कुणी केली ही?" इज्जानं पहिला घास घेऊन विचारलं.

"आबांनी," तिलिला म्हणाली.

"चांगली झालीय. चावायला वेळ लागतो एवढंच."

तूदा जेवत नव्हती, ती विहीर खणत होती. आपली कड खणून झाली तशी ती तळाशी परातीचं नक्षीकाम दिसेपर्यंत गेली. बी नव्हती. तिनं तोंडातला घास गिळला आणि मान खाली घातली. रडली नाही, पण खालचा ओठ पुढे आला.

तेवढ्यात इज्जाचा चमचा थबकला. तिच्या पुढ्यातल्या लापशीत काहीतरी काळपट चमकलं होतं. तिनं एकवार तूदाकडे पाहिलं. किल्ली कशाला हवी होती हे तिला ठाऊक नव्हतं. तिला फक्त तो ओठ दिसला. चमचा लापशीखालून, मधाच्या ओघळाआडून, हळूच तूदाच्या कडेला सरकला आणि परत आला. मनगट अगदी फदमाचं.

बेलईदनं पाहिलं. हटकायचा अधिकार त्याला होता, अंतरही चाळीस पावलांपेक्षा कमीच होतं. त्यानं एक मोठा घास घेतला आणि चावत बसला.

"सापडली!" तूदा किंचाळली.

गुरुवारी पावणेसातला इज्जा तयार होती. टॅक्सी सातला खालच्या अर्गनच्या झाडाशी येणार होती. ती प्रवासासाठी मधाची लहान बरणी घ्यायला कोठीत शिरली. तिच्यामागून तूदा शिरली. दार लागलं, आणि कुलूप आतून फिरलं. कैद्याला एकटं ठेवायचं तिच्या जिवावर आलं असावं, म्हणून पहारेकरीही आतच राहिला.

"तूदा, उघड," आतून इज्जाचा आवाज आला.

"नाही. गाडी गेल्यावर."

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. बी मलाच सापडली. किल्ली माझी आहे."

 मग इज्जा जवाच्या पोत्यावर बसल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली. बी तिनं स्वतःच सरकवली होती, आता तक्रार कुणाकडे करणार?

खालून हॉर्न वाजला. रकिया निरोप द्यायला म्हणून आली होती, ती कपाळाला हात लावून अंगणात उभी राहिली. "बेलईददा, दुसरी किल्ली तुमच्या खिशात असते ना? काढा की!"

"आहे खिशात."

"मग?"

"कोठी यंदा माझ्या ताब्यात नाही."

"अहो, पोरीची गाडी जाईल! पुढल्या साली बोलावतील का तिला?"

बेलईदचा हात खिशात गेला होता. किल्ली बोटांत होती. ती तशीच धरून तो दाराशी उभा राहिला. हॉर्न पुन्हा वाजला, या खेपेला लांब.

मग आतून बारीक आवाज आला, "आई, मला शू लागलीय."

"मग जाऊन ये."

"तू पळून जाशील."

"नाही जाणार."

"खरंच?"

"खरंच. बसलेय ना इथं."

कुलूप उलटं फिरलं. तूदा बाहेर आली, आबांकडे आणि रकियाकडे करड्या नजरेनं पाहिलं आणि परसाकडे धावली. घाईत किल्ली कुलपातच राहिली. दार सताड उघडं होतं.

इज्जा पोत्यावर बसली होती. खांद्याला पिशवी, पायांत नवे बूट, मांडीवर मधाची बरणी.

"अग, निघ ना!" रकिया म्हणाली. "पळ! पोर येईपर्यंत वळणावर पोचशील. नंतर रडेल, गप्प होईल."

"मला कोंडलंय, काकी," इज्जा म्हणाली.

"दार उघडं आहे, बये!"

"दिसतंय मला."

हॉर्न वाजत होता. ड्रायव्हरनं खिडकीतून कुणाच्या तरी आईचा उद्धार केलेला वरपर्यंत ऐकू आला. इज्जाच्या बुटाची टाच जमिनीवर आपटत होती, पण ती उठली नाही. बेलईदनं खिशातून हात काढला. तो रिकामा होता.

तूदा परत आली, एका हातानं चड्डी वर ओढत. दारात थांबली. आई होती तिथंच होती. तूदानं तिच्याकडे पाहिलं, पोत्याकडे, उघड्या दाराकडे, मग पुन्हा आईकडे. कितीतरी वेळ. मग तिनं टाचा उंचावून कुलपातली किल्ली काढली, दोरी गळ्यात घातली आणि बाजूला सरली.

"जा आता," ती म्हणाली. "पण पळत जा, गाडी जाईल ना."

सातची गाडी इज्जाला घेऊन सात वाजून अकरा मिनिटांनी सुटली.